व्हीपीएनच्या आधीची कुंपणं



'तुम्ही व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरत आहात असं दिसतं' हा निरोप यूकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिला आहे. कुणाच्या घरी पुण्याहून सासूबाई आलेल्या असतात आणि त्यांची मालिका चुकून चालत नाही. कुणाला गणपतीला घरी गेल्यावर आयप्लेअर लावायचा असतो. मग चर्चा ठरलेल्या वळणावर येते: 'अहो, पैसे भरायला तयार आहोत, तरी अडवता कशाला?' प्रश्न रास्त आहे. पण हे कुंपण नेटफ्लिक्सने किंवा हॉटस्टारने शोधून काढलेलं नाही. ते बरंच जुनं आहे, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला खटला आपल्या इथेच, पोर्ट्समथच्या एका पबमुळे उभा राहिला.

सुरुवात उलट्या टोकाने करतो. बीबीसीने मराठी प्रसारण सुरू केलं १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना. ते १९५८ पर्यंत चाललं. (बीबीसी मराठी परत आली ती २०१७ मध्ये, वेबसाइटच्या रूपाने.) शॉर्टवेव्हला सरहद्द कळत नाही. सोलापुरात चांगला रेडिओ असेल तर लंडनचं मराठी सोलापुरात ऐकू येणार. ऐकणाऱ्याकडून पैसे घ्यायचेच नव्हते. लांबवर पोचावं हाच तर हेतू होता. त्यामुळे कुंपणाची गरज बोलणाऱ्याला नव्हती. कुणाला नको असेल तर त्याने त्याच लहरीवर खरखर सोडावी, एवढाच उपाय.

सिनेमाचं तसं नव्हतं. आपल्याकडे चित्रपट पूर्वीपासून 'टेरिटरी'वर विकला जातो. बॉम्बे, निझाम, सीपी-बेरार ही नावं वितरणाच्या धंद्यात राज्यं विलीन झाल्यावरही टिकली. मराठवाडा १९४८ मध्ये निझामाकडून सुटला, वितरकांच्या नकाशावर मात्र राहिला निझाममध्येच! त्याच नकाशात आपल्यासारख्यांसाठी एक खाना आहे, 'ओव्हरसीज'. निर्माता प्रत्येक खान्याचे हक्क वेगळे विकतो, कारण सगळ्या तुकड्यांची बेरीज घाऊक किमतीपेक्षा जास्त होते. आजचं जिओब्लॉकिंग म्हणजे हाच नकाशा सर्व्हरवर चढवलेला.

मध्यंतरी व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला, तेव्हा आपण यूकेवाले नशीबवान होतो. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे पाल पद्धत, म्हणून मुंबईची कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चाले. अमेरिकेत एनटीएससी, तिथल्या मंडळींना वेगळी प्रत किंवा वेगळं यंत्र लागे. पुढे डीव्हीडीवाल्यांनी कुंपण मुद्दाम बांधलं: अमेरिका रीजन १, ब्रिटन २, भारत ५. त्यावर रिमोटवरून ठरावीक आकडे दाबून प्लेअर 'मल्टी-रीजन' करण्याची युक्ती निघाली. कुंपण आणि फट यांची जोडी तेव्हापासूनची आहे.

आता उपग्रह. बीबीसीने २००३ मध्ये स्कायचं एन्क्रिप्शन सोडलं आणि आपले चॅनेल सरळ उघडे केले. मग परदेशी हक्कांचं काय? त्यावर उपाय कोडऐवजी भूगोलाचा निघाला. ॲस्ट्रा २डी नावाच्या उपग्रहाचा झोत मुख्यतः ब्रिटिश बेटांवरच पडायचा. तरीही त्याची कड स्पेनपर्यंत जात होती, आणि तिथे स्थायिक झालेल्या ब्रिटिश पेन्शनरांनी अंगणात अवाढव्य डिश लावून ती पकडली. २०१४ मध्ये बीबीसी आणखी अरुंद झोताच्या उपग्रहावर गेली आणि दक्षिण स्पेनमधल्या अनेकांचे पडदे काळे झाले. मायदेशाच्या टीव्हीसाठी तळमळणारे फक्त आपणच नाही, इथले साहेबही परदेशी गेले की तेच करतात.

आणि आता तो खटला. पोर्ट्समथमध्ये साउथसीला 'रेड, व्हाइट अँड ब्लू' नावाचा पब होता, तो चालवत होत्या कॅरन मर्फी. प्रीमियर लीगचे सामने पबमध्ये दाखवायचे तर स्कायला महिन्याला सुमारे ७०० पौंड मोजावे लागत. मर्फीबाईंनी एक ग्रीक डीकोडर कार्ड घेतलं, वर्षाला सुमारे ८०० पौंडांत. शिवाय ग्रीक चॅनेलवर शनिवारी दुपारी ३ चे सामनेही दिसत, जे ब्रिटनमध्ये थेट दाखवायला बंदी आहे (छोट्या क्लबांची मैदानं ओस पडू नयेत म्हणून). म्हणजे इंग्लंडमधला सामना अथेन्समध्ये थेट दिसतो, पोर्ट्समथमध्ये नाही!

त्यांच्यावर कॉपीराइट कायद्याच्या कलम २९७ खाली खटला झाला, म्हणजे 'अप्रामाणिकपणे कार्यक्रम मिळवणे'. दंड आणि खर्च मिळून सुमारे ८,००० पौंड. बाई थांबल्या नाहीत. प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात गेलं आणि ४ ऑक्टोबर २०११ ला निकाल आला. एका सदस्य देशाचं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला सरसकट बंदी घालणं हे सेवांच्या मुक्त व्यवहाराच्या विरुद्ध आहे, असं न्यायालय म्हणालं. सामना ही स्वतः कॉपीराइट असलेली 'कृती' नाही, असंही म्हणालं. पण लगेच एक पाचरही मारली: लीगचं गीत, सुरुवातीची चित्रफीत, ग्राफिक्स यांवर कॉपीराइट आहे, आणि ते पबमध्ये दाखवायला परवानगी हवी. फेब्रुवारी २०१२ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने मर्फीबाईंची शिक्षा रद्द केली.

कार्डाच्या जागी व्हीपीएन ठेवा, गोष्ट तीच आहे. त्यांनीही पैसे भरले होते, फक्त 'चुकीच्या' देशात भरले होते.

त्या निकालाच्या वाटेवरून युरोपीय संघ थोडा पुढेही गेला. १ एप्रिल २०१८ पासून नियम आला की पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरतं गेल्यावरही चालली पाहिजे. १ जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपल्यावर, तो नियम ब्रिटनच्या ग्राहकांना उरला नाही.

इंटरनेटवरचं कुंपण घट्ट झालं २०१५-१६ मध्ये. आयप्लेअर २००७ च्या नाताळात सुरू झाला तेव्हापासून फक्त यूकेसाठीच होता, पण परदेशातून व्हीपीएनने पाहणाऱ्यांकडे फारसं कुणी लक्ष देत नव्हतं. बीबीसीने परदेशी लोकांसाठी पैसे घेऊन चालवलेला ग्लोबल आयप्लेअर जून २०१५ मध्ये बंद केला, आणि त्याच वर्षी शरदात व्हीपीएन अडवायला सुरुवात केली. नेटफ्लिक्सने ६ जानेवारी २०१६ ला भारतासह १३० देशांत एकदम दुकान उघडलं आणि ८ दिवसांनी प्रॉक्सीवाल्यांना अडवण्याची घोषणा केली. जगभर गिऱ्हाईक झालं, म्हणजे हक्क विकणारे स्टुडिओही जगभराचा हिशोब मागणार, हे ओघाने आलं.

अडवतात कसं? व्हीपीएनच्या आतलं काही त्यांना दिसत नाही. पण तुमचा आयपी ॲड्रेस घरगुती ब्रॉडबँडचा आहे की डेटा सेंटरचा, याच्या याद्या असतात. एकाच ॲड्रेसवरून शेकडो खाती दिसली की संशय पक्का. यात सुक्याबरोबर ओलंही जळतं. २०१६ मध्ये हरिकेन इलेक्ट्रिकचे मोफत आयपीव्ही६ टनेल वापरणारे, ज्यांना देश लपवायचाच नव्हता, तेही नेटफ्लिक्सने अडवले. ऑफिसच्या व्हीपीएनवर लॅपटॉप ठेवून जेवताना काही लावायला गेलात तर तुम्हीही त्यातच.

आपल्यासाठी दुसरा दरवाजा भारताच्या बाजूने अरुंद झाला. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवावी. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले आणि 'आभासी' भारतीय ॲड्रेस द्यायला लागल्या. त्यातले काही सर्व्हर यूकेत. म्हणजे रेडिंगहून मुंबईला जायला निघालेला ट्रॅफिक यूकेतल्याच एका मशीनवर मुंबईकर होतो!

असो. इतकं सगळं सांगण्याचं कारण वेगळं आहे. व्हीपीएन वापरणं हा ब्रिटनमध्ये स्वतःहून गुन्हा नाही, सेवेच्या अटींचा भंग मात्र बहुधा असतो, आणि ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मला खुपतं ते हे: पुण्याचा ॲड्रेस घेऊन मराठी मालिका पाहिली की खात्यावर पुण्याचा एक प्रेक्षक वाढतो. रेडिंगचा, स्लाउचा, मिल्टन कीन्सचा आकडा तिथेच राहतो. मग यूकेचे हक्क घेताना 'मराठीला तिथे गिऱ्हाईक नाही' असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढायला आपल्याकडे काय आहे? भिंत चुकवून आपण आत जातो खरे, पण हजेरीपटावर नाव दुसऱ्याच गावाचं लागतं.

याउलट चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' बघा. २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर जगभर आला आणि मराठी सिनेमा इथल्या घरात कुठलीही युक्ती न करता लागला. हक्क एकाच हातात असले की कुंपणाचं कारणच राहत नाही. झी५ २०१८ मध्ये १९० हून अधिक देशांत आलं आणि हॉटस्टारही त्याच वर्षी यूकेत आलं, तेही इथे ग्राहक आहे असं कुणाला तरी वाटलं म्हणूनच.

तेव्हा सूचना अशी: जे इथे अधिकृतपणे मिळतं ते आधी इथल्याच ॲड्रेसवरून, इथल्याच कार्डाने घ्यावं. जे मिळत नाही त्याबद्दल निर्मात्याला आणि सेवेला गावाच्या नावासकट लिहावं. आणि आपल्या मंडळांनी (लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे) पैसे भरायला तयार असलेल्या घरांची पोस्टकोडवार संख्या गोळा करावी. वितरकाशी बोलताना तक्रारीपेक्षा ती संख्या जास्त कामाला येईल. रेडिंग परिसराची मोजणी मी करायला तयार आहे. बाकी गावांचं कोण घेतंय?