पोरसाची शपथ

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझं बालपण गेलं. तंबोऱ्याची जवारी लावताना आजोबा तारेखाली दोरा सरकवत आणि डोळे मिटून ऐकत. लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये संगीतकार हेंडलचा ‘पोरो’ हा ऑपेरा ऐकायला गेले, तेव्हा समोरचा थिऑर्बोवादक तसाच डोळे मिटून खुंट्या पिळत होता. लांबलचक मानेचं ते वाद्य, त्याला आतड्याच्या तारा. गर्दीच्या उबेनं त्यांचा सूर ढळतो, म्हणून मध्यंतरात पुन्हा लावणं आलंच. पट्टीसुद्धा अर्ध्या स्वरानं खालची, 440ऐवजी 415 हर्ट्झ.

नेपथ्य नाही, पोशाख नाहीत. गायक स्वरलिपीच्या वह्या घेऊन उभे.

हा ऑपेरा 2 फेब्रुवारी 1731 रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये पहिल्यांदा झाला. कथा झेलमकाठच्या आपल्या पोरसाची आणि सिकंदराची, मूळ काव्य मेतास्तासिओचं, भाषा इटालियन. प्रेक्षकांना इंग्रजी भाषांतरासह पुस्तिका विकत मिळे आणि ती वाचता यावी म्हणून प्रयोगभर मेणबत्त्या तेवत असत. आमच्याही हाती तशीच पुस्तिका होती. पान उलटायची वेळ झाली की सगळ्या बाकांवरून एकदम सळसळ उठे.

त्या पहिल्या प्रयोगात पोरस झाला होता सेनेसिनो. तो कास्त्रातो, म्हणजे कोवळा गळा फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक. मुलांवर केलेल्या या क्रौर्याला कुठल्याही कलेचं समर्थन चालणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. पण सूर लिहिले गेले ते त्या गळ्यासाठी. 1920 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनला हेंडलची ‘रोदेलिंदा’ पुन्हा रंगमंचावर आली आणि त्याच्या ऑपेरांना नवे दिवस आले. तेव्हा मात्र असे भाग भारदस्त पुरुषी आवाजात, एक सप्तक खाली गायले जात.

त्यानं काय हरवतं, ते पहिल्या अंकाच्या शेवटी कळलं. पोरसानं शपथ घेतलेली असते, यापुढे संशय घेणार नाही. त्याच्या प्रेयसीनं, क्लेओफिदे राणीनं, निष्ठेची शपथ घेतलेली असते. दोघांची गाणी वेगळी. मग तो पुन्हा संशयानं पेटतो आणि तिचीच शपथ, तिच्याच चालीत, तिच्या तोंडावर फेकतो. ती त्याची शपथ त्याला ऐकवते. त्या रात्री पोरस एक बाई गात होती. दोन्ही आवाज जवळजवळच्या सुरांत, वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत शिरत होते आणि प्रत्येक टोमणा नेमका लागत होता.

शेवटच्या स्वराला दोघींनी वहीतून मान वर केली. एकमेकींकडे मात्र पाहिलं नाही.