कालदायाकोव्ह, शमशी
(१५ ऑगस्ट १९३०–२९ फेब्रुवारी १९९२). कझाक संगीतकार. ‘कझाक वॉल्ट्झचा राजा’ हे बिरुद त्यांस लोकांनी दिले. जन्म दक्षिण कझाकस्तानात, आरीस नदी जेथे सिरदर्येस मिळते त्या ओत्रार परिसरात. प्रथम पशुवैद्यकाचे शिक्षण, मग ताश्कंद येथील संगीतशाळा व पुढे अल्माटीचे संगीत महाविद्यालय अशी मजल त्यांनी मारली. परंतु पदवी न घेताच ते तेथून बाहेर पडले, आणि त्यांच्या चालींचे त्यावाचून काही अडले नाही.

वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा युरोपीय नृत्यठेका रशियामार्गे या मुलखात आला. दोंब्रा या दुतारी वाद्याच्या साथीने एकट्या गवयाने लांब स्वर धरून आळवावयाच्या कझाक गीताशी त्याचे सख्य जुळेल, असे सहसा कोणास वाटले नसते. कालदायाकोव्ह यांनी ठेका परका घेतला, पण स्वरांची वळणे आपल्या मातीतलीच ठेवली, आणि म्हणूनच ‘सिर सुलुई’ (सिरदर्येची सुंदरी) व मातेवरील ‘अना तुराली जिर’ ही गीते घरोघर रुजली.

कझाकस्तानचे राष्ट्रगीतही त्यांच्याच चालीवरचे; त्याची हकीकत मात्र निराळी. सोव्हिएट नेते ख्रुश्चॉव्ह यांच्या कारकीर्दीत, १९५४ पासून, उत्तरेकडील पडीक गवताळ जमीन नांगराखाली आणण्याची मोहीम सुरू होऊन बाहेरून वसाहतकऱ्यांचे लोंढे येत असता, १९५६ मध्ये कवी झुमेकेन नाझिमेदेनोव्ह यांच्या शब्दांसह ‘मेनिङ कझाकस्तानिम’ (माझा कझाकस्तान) हे कूचगीत जन्मास आले. डिसेंबर १९८६ मध्ये मॉस्कोने कझाकस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख दीनमुहम्मद कुनायेव्ह यांस पदावरून दूर करून बाहेरच्या गेन्नादी कोल्बिन यांची नेमणूक केली, तेव्हा निषेधार्थ अल्माटीच्या चौकात जमलेल्या तरुणांच्या तोंडी हेच गीत होते; सरकारी मान्यतेच्या कितीतरी आधी लोकांनी त्यास मान्यता दिली होती, ती अशी. स्वातंत्र्यानंतरही राष्ट्रगीतास सोव्हिएट काळातील जुनीच चाल राहिली. जानेवारी २००६ मध्ये ती बाजूस सारून हे गीत मंजूर झाले. शब्दांत फेरफार करणारे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव्ह यांचे नाव सहकवी म्हणून दाखल झाले, चाल मात्र मूळचीच राहिली.

राष्ट्रगीतामुळे कालदायाकोव्ह यांचे नाव देशोदेशी पोचले असले, तरी त्यांच्या प्रतिभेचा खरा कस वॉल्ट्झमध्येच दिसतो. स्वातंत्र्य मिळून तीन महिनेही लोटले नव्हते, तोच अल्माटी येथे त्यांचे निधन झाले. शिमकेंत येथील फिलहार्मोनिक संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.