स्नीकर-संस्कृती (वऱ्हाड)

रबरी तळव्याचा, पावलांचा आवाज होऊ न देणारा बूट म्हणजे स्नीकर. तो खेळण्यासाठी न घेता जमवण्यासाठी, मिरवण्यासाठी किंवा चढ्या भावाने विकण्यासाठी घेण्याच्या रीतीस स्नीकर-संस्कृती म्हणतात. ढगळ टीशर्ट, हुडी व कार्गो पँट हा तिचा पेहराव, म्हणजेच स्ट्रीटवेअर. वऱ्हाडात बुटाला ‘जोडे’ म्हणतात. घरची वडीलधारी मंडळी पंधरा हजारांच्या स्नीकरलाही जोडेच म्हणतात.

या नादाचे मूळ अमेरिकेत आहे. १९८५ मध्ये नायकेने बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या नावाने ‘एअर जॉर्डन १’ आणला. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ‘सुप्रीम’ने माल मुद्दाम थोडाच काढायचा, हा धंद्याचा मंत्र रूढ केला; अशा विक्रीला ‘ड्रॉप’ म्हणतात. १९९८ च्या अंतिम मालिकेत जॉर्डनने वापरलेला जोड २०२३ मध्ये २२ लाख डॉलरना लिलावात गेला. महाराष्ट्रात मुंबईचे ‘सुपरकिक्स’ आणि पुण्याच्या वेदांत लांबाने यूट्यूब चॅनेलपासून उभी केलेली ‘मेनस्ट्रीट’ ही नावे ठळक. आशय भावे यांनी प्लास्टिकच्या टाकाऊ पिशव्यांपासून स्नीकर बनवले व ब्रँडला ‘थैली’ हे नाव दिले. आयात नावांच्या गर्दीत हे नाव उठून दिसते.

अमरावती-अकोल्याच्या बाजारात बोलबाला आहे तो ‘फर्स्ट कॉपी’चा, म्हणजे हुबेहूब नकलेचा. पारखणारा आधी डब्यावरचा आकडा जिभेच्या आतल्या लेबलाशी ताडून पाहतो, मग टाचेची शिवण, आणि शेवटी बूट नाकाशी नेतो. नकली मालाला बहुधा गोंदाचा उग्र वास येतो. ‘कॉपी’ घालणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. अस्सल जोडाच्या किमतीत इथे कित्येक घरांचा महिना निघतो.

संग्राहकाचा खरा वैरी मात्र हवामान. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तळव्याचा गोंद सुटतो. पावसाळ्यातली दमट हवा पॉलियुरेथेनचा मधला थर आतून कुजवते. वर्षानुवर्षे डब्यात जपलेला कोरा जोड पहिल्याच दिवशी पायात भुगा होतो, तो यामुळेच. रस्त्यावरच्या काळ्या मातीचा चिखल वेगळाच. पांढरा बूट तिच्यातून वाचत नाही.

स्ट्रीटवेअरशी वऱ्हाडाचे जुने नाते आहे ते कापसाचे. साधा टीशर्ट १६० ते १८० जीएसएमचा (कापडाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन), तर ढगळ टीशर्ट २४० च्या आसपास. म्हणजे अंगावर सूत जास्त. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिम कारखाना आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र वस्त्रोद्यान होत असून त्याचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील कार्यक्रमात झाले. ब्रँडचे वेडही या मुलखाला नवे नाही, फक्त बाजू उलटी होती: एकोणिसाव्या शतकात मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसाच्या गाठी ‘ऊमरा’ या नावाने विकल्या जात, आणि ते नाव अमरावतीवरून पडले होते.