मुकादमापासून समाशापर्यंत

आपल्या समाजाच्या इतिहासाची गोष्ट निघाली की आपण चार मोठी नावे घेतो आणि थांबतो. ही नावे आदराची आहेत यात शंका नाही. परंतु समाज केवळ चार नावांवर टिकत नाही. तो कशावर टिकला, हे आज पुन्हा आठवण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

कोकणातल्या गावांतून आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. जवळ रब्बी नव्हता, सेफेर तोरा नव्हता. तरी शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ टिकून राहिले. परंपरा अशी सांगते की, दावीद राहाबी आले तेव्हा त्यांनी तीन जणांना निवडून धर्माचे शिक्षण दिले. हेच पुढे काजी म्हणून ओळखले गेले. यातले मर्म ध्यानात घ्यावे. राहाबींनी सारे काम आपल्याच हाती ठेवले नाही. आपल्यामागे काम करणारी माणसे घडविली. काजी गावोगाव फिरून विधी करीत व तंटे मिटवीत, आणि गावात रोजचा कारभार मुकादम व चौगुले पाहत.

पुढे कंपनीच्या पलटणीत आपले लोक शिरले व हुद्द्यांच्या पायऱ्या चढत सुभेदारीपर्यंत पोचले. सामाजी हसाजी दिवेकर हे अशा अंमलदारांपैकीच. 1796 साली मुंबईत त्यांनी ‘शाआर हारहमीम’ हे आपले पहिले प्रार्थनालय बांधले. मुकादम व चौगुले तिथेही आले. जोडीला पैशाचा हिशेब ठेवणारा गबाई, प्रार्थना चालविणारा हज्जान आणि दिवाबत्ती पाहणारा समाश. मान कमीअधिक असेल, पण प्रत्येकाला आपली जबाबदारी होती, आणि समाश आला नाही तर मुकादमाला अंधारातच बसावे लागे!

1875 साली हाईम शमुवेल केहिमकर यांनी आपले बंधू व स्नेही यांच्या साहाय्याने मुंबईत इस्रायली शाळा काढली. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या, तेव्हा हिब्रू न समजणाऱ्यालाही आपण काय म्हणतो ते कळू लागले. 1913 साली स्त्री मंडळ निघाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी तर कामा हॉस्पिटलचे प्रमुखपद सांभाळून समाजाचेही काम केले.

परंतु आपल्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. 1917 साली बेने इस्रायल परिषद भरली. लवकरच तिच्याशेजारी इस्रायलाइट लीगही उभी राहिली. दोन्हीकडे विद्वान होते, भाषणे उत्तम झाली. पण मतभेद मिटले नाहीत आणि काही वर्षांत दोन्ही संस्था थंडावल्या. वर पुढारी पुष्कळ, खाली काम पुढे नेणारे हात थोडे, असे झाले की संस्था टिकत नाही.

याउलट 1964 साल आठवावे. आपल्या लग्नांसाठी वंशाची चौकशी करण्याच्या रब्बीनेटच्या आदेशाविरुद्ध जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणे धरले. ते एका नेत्याचे काम नव्हते. कामगार, गृहिणी, म्हातारीकोतारी, पोरेबाळे सारी त्यात होती. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक भरली, बेने इस्रायल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असा ठराव झाला, आणि त्या आदेशातून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले.

आज बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथे आपली प्रार्थनालये आहेत. मात्र बऱ्याच ठिकाणी किल्ल्या, हिशेब आणि मलिद्याची तयारी त्याच दोनचार वृद्धांच्या हाती दिसते. तरुण येत नाहीत अशी आपण तक्रार करतो. पण त्यांच्या हाती आपण काय दिले? निदान हिशेबाची वही तरी द्यावी. चुकले तर शेजारी बसून समजावावे. एलियाहू हन्नाबीची प्रार्थना वर्षातून एकदा नातवाला चालवू द्यावी, नातीला मलिद्याचे ताट लावायला शिकवावे.

राहाबींनी तीन माणसे घडविली, असे आपण अभिमानाने सांगतो. आपल्यापैकी प्रत्येकाने एक जरी घडविले, तरी त्या परंपरेचे ऋण थोडेफार फिटेल.