श्रेयनामावलीच्या तळाशी

जपानी लिपी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकायला घेतली, तीही ॲनिमेशनपटांच्या श्रेयनामावल्या वाचता याव्यात एवढ्यासाठीच. चित्रपट संपला की घरातले उठून जात. मी पडदा थांबवून वहीत नावं उतरवत बसे. सुरुवातीला एकच खूण कामी आली. नावाच्या शेवटी ‘को’ असेल, तर ते बहुधा बाईचं. या अक्षराचा अर्थ ‘मूल’.

१९८८च्या ‘माय नेबर टोटोरो’ची नायिका आहेत दोन बहिणी. नामावलीत दिग्दर्शक म्हणून पुरुषाचं नाव. ‘को’ची गर्दी मात्र खाली, ‘शिआगे’च्या यादीत. शिआगे म्हणजे पारदर्शक सेलवर रेषा उतरवून रंग भरणं. किकी, सान, चिहिरो अशा एकाहून एक ठसठशीत मुली देणाऱ्या स्टुडिओ जिब्लीच्या एकाही पूर्ण लांबीच्या चित्रपटगृहपटाची दिग्दर्शक स्त्री नाही. त्या मुलींना रंग देणाऱ्या मिचियो यासुदा मात्र होत्या.

या क्षेत्रात बायका नव्हत्याच, असं मी पूर्वी एका टिपणात लिहिलं होतं. ते चूक होतं. बायका होत्या, पण जिना नसलेल्या खोलीत. दिग्दर्शनाकडे जाणाऱ्या वाटा प्रामुख्याने दोन: चित्रं काढणाऱ्या ॲनिमेटरची आणि रात्रीबेरात्री घरोघर फिरून चित्रं गोळा करणाऱ्या निर्मिती-साहाय्यकाची. रंगाच्या टेबलावरून वर जाणारी वाट जवळजवळ नव्हतीच.

रेइको ओकुयामा चित्रांच्या वाटेने निघाल्या. तोएईच्या १९५८च्या ‘हाकुजादेन’ या जपानच्या पहिल्या रंगीत ॲनिमेशनपटावर त्यांनी काम केलं. लग्न झालं की बाईनं नोकरी सोडावी, अशी तेव्हा अपेक्षा. त्यांनी सहकारी योइची कोताबे यांच्याशी लग्न केलं, मूल झालं, तरी टेबल सोडलं नाही. पुढे त्या चित्रांच्या प्रमुख झाल्या. दिग्दर्शकाची खुर्ची दूरच राहिली. २०१९च्या ‘नात्सुझोरा’ मालिकेची नायिका त्यांच्यावरून सुचलेली. म्हणजे त्यांची गोष्ट घरोघर पोचली ती त्या गेल्यावर, बारा वर्षांनी.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. कल्पनारम्य चित्रपटांना पुरुषांची आदर्शवादी दृष्टी लागते, अशा अर्थाचं विधान जिब्लीच्या एका माजी निर्मात्याने २०१६ साली केलं. नंतर त्याला माफी मागावी लागली.

त्याच वर्षी ‘अ सायलेंट व्हॉइस’ आला. दिग्दर्शक नाओको यामादा. तिचा कॅमेरा मुलींच्या पायांकडे वळतो, पण न्याहाळायला नव्हे. चेहरा लपवतो ते अवघडलेपण पावलांत शोधायला. ज्या क्योतो ॲनिमेशनमध्ये ती घडली, त्याची सुरुवात योको हात्ता यांनी १९८१मध्ये शेजारच्या गृहिणींना सोबत घेऊन केली होती. काम कोणतं? मोठ्या स्टुडिओंसाठी शिआगे. पुढे या संस्थेने चित्रामागे मोबदला देण्याची रूढ रीत सोडून पगारी नोकरी दिली, घरातच शिक्षण दिलं. ‘फ्री!’ची दिग्दर्शक हिरोको उत्सुमीही तिथलीच.

म्हणून प्रतिभेचा प्रश्न मला आता फसवा वाटतो. विचारायचं ते पगाराचं, शिक्षणाचं आणि बाळंतपणानंतर टेबल राहतं की नाही याचं. माझ्या वहीत दिग्दर्शकांच्या पानावर ‘को’ अजून थोडेच आहेत. पण सायो यामामोतो, मारी ओकादा, रिए मात्सुमोतो ही नावंही तिथे आली आहेत, आणि माझी जुनी खूण आता पुरेनाशी झाली आहे.