स्थितिज ऊर्जा

स्थितिज ऊर्जा : पदार्थाला त्याच्या स्थानामुळे अथवा आकारात झालेल्या बदलामुळे प्राप्त झालेली व कार्य करण्यास उपयोगी पडणारी ऊर्जा. उंचावर साठविलेले पाणी, ताणलेले धनुष्य व घड्याळाची गुंडाळलेली कमान ही तिची परिचित उदाहरणे होत. भूपृष्ठाजवळ ही ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वीय प्रवेग (सु. ९·८ मी./से.²) व उंची यांच्या गुणाकाराइतकी असते. उंची कोणत्या पातळीपासून मोजावयाची हे संकेताने ठरवितात; महत्त्व असते ते दोन पातळ्यांमधील फरकाला.

इतिहास : एक भार चार हात उचलण्यास जेवढे बळ खर्ची पडते तेवढेच चार भार एक हात उचलण्यास पडते, असे गृहीत धरून लायप्निट्स यांनी १६८६ मध्ये गतीच्या मापाचा विचार मांडला. ‘स्थितिज ऊर्जा’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा मात्र स्कॉटिश अभियंते विल्यम रँकिन यांनी १८५३ मध्ये रूढ केली.

संज्ञा नवी असली, तरी व्यवहार जुना आहे. बीड शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना विहीर अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली गेली. तिचे श्रेय सलाबतखान यास देतात. विहिरीचे पाणी भूमिगत कालव्याने खालच्या अंगाच्या शेतीस जाते. अशा कालव्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे पाणी मोटेवाचून आपोआप जमिनीवर येते. पाण्याची उंची शक्य तितकी कमी खर्ची घालणे, हे या रचनेचे मर्म होय.

मोटेत हाच हिशेब उलट होतो. १०० लि. पाणी १५ मी. वर आणण्यास १४,७०० जूल कार्य लागते. बैल उतरत्या धावेवरून ओढतात, म्हणून त्यांच्या वजनाची स्थितिज ऊर्जाही ओढीस मदत करते. पण परतताना तो चढ त्यांना चढावाच लागतो. ऊर्जा फुकट मिळत नाही, केवळ श्रमाची सोयीस्कर वाटणी होते.

जायकवाडी प्रकल्पाचे उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले. त्याच्या पैठण उजव्या कालव्याचे पाणी उताराच्या बळावरच सिंदफणेवरील माजलगाव जलाशयाकडे येते. मात्र कालव्याच्या पातळीहून उंच असलेल्या बालाघाटावरील गावांना ते उपसल्याशिवाय मिळू शकत नाही. तेथे विंधन विहिरींवर भिस्त असते. १,००० लि. पाणी १०० मी. खोलीवरून वर आणण्यास किमान ९,८०,००० जूल, म्हणजे सु. ०·२७ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. पंपातील व नळांतील व्यय धरता प्रत्यक्ष खर्च याहून अधिक होतो. भूजल पातळी दुप्पट खोल गेली, तर ही किमान ऊर्जाही दुप्पट होते.

यावरून अवर्षणप्रवण प्रदेशात पाण्याच्या राशीइतकीच त्याची पातळीही मोलाची ठरते. माथ्यावर पडलेला पाऊस बांध व पाझर तलाव यांनी तेथेच अडविल्यास पाण्याबरोबर त्याची उंचीही राखली जाते. एकदा खाली वाहून गेलेल्या पाण्याची उंची परत मिळविण्यासाठी मात्र बैलाचे, माणसाचे वा विजेचे तेवढे कार्य खर्ची घालावेच लागते.