जमिनीतील संस्थात्मक गुंतवणूक : नीरा कालव्याचे क्षेत्र

कंपन्या, विमा संस्था, विश्वस्त निधी, शासकीय महामंडळे इत्यादींनी उत्पन्नाच्या हेतूने जमीन वा इमारती यांत गुंतविलेल्या भांडवलास स्थावर मालमत्तेतील संस्थात्मक गुंतवणूक म्हणतात. ती मालकीहक्काने किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने केली जाते. हा प्रकार अलीकडचा व महानगरांपुरता आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तथापि त्याचे एक मोठे उदाहरण पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर या तालुक्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घडून आले.

पार्श्वभूमी : वरकुटे खुर्द व वरकुटे बुद्रुक ही गावे ज्या इंदापूर तालुक्यात मोडतात, तो भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. बेभरवशाच्या पावसावर ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्या येथील जिरायत जमिनीस पूर्वी फारसे मोल नव्हते. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने येळवंडी नदीवर भाटघर येथे धरण बांधण्यास घेतले व १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू केला. त्याचे पाणी पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांना मिळू लागले. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत अंमलात आणली. तीनुसार ठराविक क्षेत्रास काही वर्षांसाठी पाण्याची हमी मिळे व त्यातील मर्यादित भागावरच ऊस घेता येई. १९२८ च्या सुमारास भाटघरचे नवे, मोठे धरण पूर्ण झाल्यावर पाण्याची शाश्वती आणखी वाढली. जमिनीचे मूल्य वाढले ते सार्वजनिक पैशाने आणलेल्या पाण्यामुळे, ही बाब पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

कंपन्यांचा प्रवेश : १९३२ मध्ये साखर उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांवर संयुक्त भांडवली कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यातील कळंब येथे ऊसमळा व कारखाना उभारला. तीच वसाहत पुढे वालचंदनगर म्हणून प्रसिद्धीस आली. नीरेच्या पलीकडे, सोलापूर जिल्ह्यात, सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये स्वतःची कंपनी स्थापून माळीनगर वसविले. आसपासच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी अशा कारखान्यांना दीर्घ मुदतीने खंडाने दिल्या. जमीन सपाट करणे, चाऱ्या काढणे, रस्ते व छोटे लोहमार्ग घालणे यांसाठी लागणारे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. कंपनीस मात्र एकसंध क्षेत्र हवे होते. त्यामुळे हा व्यवहार प्रारंभी उभयपक्षी सोयीचा ठरला. परंतु खंडाची रक्कम कराराच्या वेळी ठरत असे आणि जमिनीचे मूल्य मागाहून वाढले. वाढीव मूल्याचा वाटा मूळ मालकास जवळजवळ मिळाला नाही. पुष्कळांना आपल्याच शेतावर मजुरी करण्याची वेळ आली.

कायद्याचे परिणाम : १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळवून देण्याचे धोरण आखले. उसासाठी व औद्योगिक संस्थांना दिलेल्या पट्ट्यांना मात्र त्याच्या प्रमुख तरतुदींतून नंतर सूट देण्यात आली. ही सूट असूनही कंपन्यांचे ऊसमळे फार काळ टिकले नाहीत. महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला आणि खाजगी कारखान्यांकडील अतिरिक्त जमिनी शासनाकडे आल्या. उसाचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून त्यांचे तुकडे न पाडता १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन करण्यात आले. त्याच्याकडे सु. ८५,००० एकर जमीन आली. वालचंदनगर व रत्नपुरी हे इंदापूर तालुक्यातील मळे त्यांत होते. अशा रीतीने एका संस्थेची जागा दुसऱ्या संस्थेने घेतली. खंडाने जमीन दिलेले मूळ मालक, म्हणजे ‘खंडकरी’, या अदलाबदलीत बाजूलाच राहिले. जमिनी परत मिळाव्यात म्हणून त्यांनी दीर्घकाळ चळवळ केली व न्यायालयीन लढेही दिले. मोठ्या प्रमाणावरील वाटप २०१२ मध्ये सुरू झाले, तेव्हा करार करणाऱ्यांची नातवंडे वारस म्हणून पुढे आली.

याच भागात भवानीनगर, माळेगाव व सोमेश्वरनगर येथील सहकारी कारखान्यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. तेथे भांडवल कारखान्यात गुंतविले गेले; जमीन सभासदाच्या नावावर राहिली व तिच्या मूल्यवाढीचा लाभही त्यालाच झाला.

आर्थिक भवितव्य : महाराष्ट्रात बिगर शेतकऱ्यास शेतजमीन विकत घेण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे संस्थात्मक भांडवल मुख्यतः कार्यालये, गोदामे, औद्योगिक क्षेत्रे व गृहनिर्माण यांकडे वळते. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने २०१४ मध्ये स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांसाठी विनियम केले. असा पहिला न्यास २०१९ मध्ये शेअर बाजारात सूचीबद्ध झाला. त्यांच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेत असावा लागतो आणि वाटपयोग्य रोख उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना द्यावा लागतो. शेतजमिनीत गुंतवणूक करण्यास त्यांना मनाई आहे. भाड्याचा स्थिर ओघ हे या गुंतवणुकीचे बळ होय. व्याजदरातील वाढ, रिकाम्या राहणाऱ्या जागा व कायद्यातील बदल हे तिचे प्रमुख धोके होत.

नीरा क्षेत्राचा अनुभव या नव्या व्यवहारांसही लागू पडतो. पाणी, रस्ते, वीज यांवरील सार्वजनिक खर्चाने उत्पन्नाची खात्री निर्माण झाल्यावरच मोठे भांडवल जमिनीकडे वळते, आणि त्याचा परतावा बाजारभावाइतकाच धारणाधिकाराच्या कायद्यावर अवलंबून राहतो. महामार्ग किंवा औद्योगिक वसाहत येण्यापूर्वी ठराविक रकमेवर दीर्घ पट्टा करणारा शेतकरी खंडकऱ्याच्याच स्थितीत असतो. पट्ट्यात ठराविक कालावधीने भाडेवाढीची तरतूद, मुदतीअखेर जमीन परत मिळण्याची स्पष्ट हमी आणि शक्य तेथे उद्योगात भागीदारी असेल, तरच मूल्यवाढीचा न्याय्य वाटा मूळ धारकास मिळू शकतो.